उसनी कात्री

४ सप्टेंबर

प्रिय लंबूस,

तू फोन उचलत नाहीस, मेसेज वाचतोस पण उत्तर देत नाहीस, म्हणून शेवटी पत्र. तुमच्या नाटक कंपनीच्या मॅनेजरांना गाठून पुढच्या मुक्कामाचा पत्ता मिळवला. ते म्हणाले, दिवेवाला ना, तो उंच? अहो, तो कुणाशी बोलतच नाही. मी म्हटलं, सख्ख्या बहिणीशीही नाही, तेव्हा तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.

आधीच सांगून टाकते. तू काय खातोस हे मी विचारणार नाही. जेवलास का, असंही नाही. जाताना तू दारात जे बोललास ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही : "मी या घरातला माणूस आहे की ताईच्या अभ्यासाचा विषय?" आईने त्या दिवशी तुझ्या मित्रांसमोर वजनकाटा आणून तुझे बटाटे मोजायला नको होते. आणि वर, आता थोडेच दिवस, ताई याच्यावर औषध काढतेय, हे तर अजिबात बोलायला नको होतं. पण तुझ्या जन्मापासून तिने तो काटा खाली ठेवलेला नाही रे. तो हातात आहे हेच तिला दिसत नाही आता.

असो. माझं म्हणशील तर एम.एस्सी.चं दुसरं वर्ष सुरू झालं आणि प्रोजेक्टसाठी मला अशा मॅडम मिळाल्या, ज्यांना सगळे घाबरतात. त्या ओरडत नाहीत. नुसता चष्मा काढतात. मी विषय सांगितला तेव्हा त्यांनी विचारलं, हाच का? मी म्हटलं, हे एन्झाइम चांगलं अभ्यासलेलं आहे, काम मोजता येतं. त्यांनी चष्मा काढला. "खरं कारण?" मी म्हटलं, हेच. तुझं नाव काढलं नाही. बघ, मी सुधारतेय.

आमची लॅब तुला आवडली असती, दिवे भरपूर आहेत. एक निळसर दिवा आहे, त्याच्याकडे बघायचं नाही. कोपऱ्यात एक गरम कपाट आहे, त्यात बाटल्या दिवसभर गोल गोल हलत असतात, आणि दार उघडलं की शिळ्या सुपासारखा वास अंगावर येतो. सुरुवातीला मळमळायचं. आता त्या वासाने मला भूक लागते, म्हणजे मी कामातून गेले.

माझी रूममेट आर्किटेक्चर शिकते, तिला आम्ही इमारत म्हणतो. परवा तिने विचारलं, तू नक्की करतेस काय? मी सांगितलं, आपल्या सगळ्यांच्या लिव्हरमध्ये एक कात्री असते. जेवणातल्या प्रथिनांतून एक तुकडा सुटतो, फेनिलअ‍ॅलनिन नावाचा, तो ही कात्री कापते. माझ्या भावाला ती जन्मतःच नाही. मग तो तुकडा रक्तात साचतो आणि मेंदूला छळतो. म्हणून त्याला दूध नाही, अंडं नाही, मांस नाही, डाळी-दाणे नाहीत, ब्रेडसुद्धा वेगळ्या पिठाचा आणि मोजून, शिवाय दिवसातून तीनदा एक पावडर, जिचा वास ओल्या भिंतीसारखा येतो. तर पोटात निवांत राहणाऱ्या एका साध्या जंतूला मी दुसऱ्या जंतूची कात्री उसनी देतेय. म्हणजे तो तुकडा आतड्यातच कापला जाईल, रक्तापर्यंत पोचणारच नाही.

तिने विचारलं, "आणि भाऊ काय म्हणतो?"

मी म्हटलं, तो म्हणतो, मला विचारलं होतं का?

आई बरी आहे. बाबा बरे आहेत. उत्तर दिलंस तर बरं वाटेल. नाही दिलंस तरी मी लिहिणार आहे, तुझी सुटका नाही.

तुझी ताई


२६ ऑक्टोबर

प्रिय लंबूस,

तुझं कार्ड आलं. "जिवंत आहे. दिवे लागतात, विझतात. लंबू." इतका खर्च नको करत जाऊस शब्दांचा. इमारतीने ते आरशाला अडकवून ठेवलंय. ती म्हणते, तुझ्या भावाचं अक्षर जिन्यासारखं आहे, खाली उतरत जातं. पूर्वी असं नव्हतं ना? असेल, चालत्या गाडीत लिहिलं असशील.

आता ऐक. कात्री चालली.

खूप वेळा फसलं आधी. कात्री जंतूच्या आत जायची, पण जंतू ती उचलून बघायचाच नाही. मग मॅडमनी सुचवलं की त्याच्या आधीचा इशारा बदलून बघ, म्हणजे "हे वापर" असं सांगणारा जो छोटा भाग असतो, तो. बदलला. आणि काल दुपारी बाटलीतला तो तुकडा कमी व्हायला लागला. दर वेळी मोजावं तर आणखी कमी. यंत्र बिघडलं असेल म्हणून मी साधं पाणी मोजलं. यंत्र ठीक होतं. मॅडम आल्या, आकडे बघितले आणि म्हणाल्या, "जेवून घ्या आता." आमच्याकडे याला शाबासकी म्हणतात.

आणि मग मी एक गोष्ट केली ती तुला माझ्याकडूनच कळलेली बरी. आनंदात बाबांना फोन केला. फक्त बाबांना, आणि आईला सांगू नका म्हणून बजावलं. बाबांनी ते गुपित साधारण चहा होईपर्यंत पोटात ठेवलं असावं. संध्याकाळपर्यंत आईने सगळ्या बिल्डिंगला सांगून टाकलं होतं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला अभिनंदनाचा फोन केला आणि विचारलं की गोळी असेल की इंजेक्शन.

मी आईला समजावलं की ही बाटली आहे, पोट नाही. बाटली आणि पोट यांच्यामध्ये बरीच वर्षं आणि बरीच माणसं उभी असतात. ती म्हणाली, हो गं, कळतं मला. मग म्हणाली, "पण झालं ना?"

तिच्यावर चिडू नकोस. चिडायचंच असेल तर बाबांवर चीड, त्यांना सवय आहे.

तुझी ताई


१८ नोव्हेंबर

प्रिय लंबूस,

इकडे थंडी पडली आहे. इमारतीने खिडकीत टोमॅटोचं रोप लावलंय, त्याला ती रोज इंचपट्टी लावते. कँटीनवाल्याने कॉफीचे कप लहान केले आणि हसू मोठं केलं. मी एक स्वेटर घेतला, त्यात मी आजोबांसारखी दिसते. काम चालू आहे.

हे सगळं मी का लिहितेय ते तुला कळलंच असेल. मला दुसरंच काहीतरी विचारायचं आहे.

तुमच्या मॅनेजरांचा फोन आला होता. त्यांच्यावर रागावू नकोस, त्यांना काय करावं कळेना. ते सांगत होते की तू प्रयोगात दिवा चुकीच्या जागी घालवलास. नायिका पायऱ्या उतरत होती, अंधारात तिचा पाय मुरगळला. आधीही एकदा असंच झालं होतं, तेव्हा त्यांनी सावरून घेतलं. आता तुला दिव्यांच्या बोर्डावरून काढून सामान उचलायला लावलंय. आणि म्हणाले, कप धरताना त्याचा हात थरथरतो, मधेच बोलता बोलता थांबतो. पितो का हो तो?

मी म्हटलं, नाही, पीत नाही.

विचारणार नाही म्हणाले होते. आता विचारते. पथ्य सोडलंस का? कधीपासून? मला फक्त एवढं कळव. आईला सांगणार नाही, बाबांना तर नाहीच नाही.

ताई


५ डिसेंबर

प्रिय लंबू,

तू भेटून गेलास आणि मी परत लॅबमध्ये जाऊन बसले, पण हातून काही झालं नाही. बोलायचं होतं ते अर्धं राहिलं. तेव्हा इथे पुरं करते.

दुपारी दारावरचा रखवालदार म्हणाला की एक फार उंच मुलगा आलाय, नाव सांगत नाही, तेव्हाच मला कळलं. काचेतून तू दिसलास. किती वाळलास रे. खाऊन खाऊन वाळलेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

मागच्या बाजूला त्या बाकावर बसून तू सांगत होतास तेव्हा मी मधे बोलले नाही, कारण मला ते ऐकायचं होतं. स्टेशनवर उभ्या उभ्या पहिलं चीज सँडविच खाल्लंस ते. त्याला इतकी चव असते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, असं म्हणालास ते. जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसारखी प्लेट घ्यायची, कुणी बघत नाही, कुणी मोजत नाही. महिना-दोन महिने काहीच झालं नाही, उलट मस्त वाटलं. आणि मग डोक्यात कापूस भरल्यासारखं. खुणेचं वाक्य ऐकू यायचं, पण बोट बटणापर्यंत पोचायचं नाही. ती बाई पडली तेव्हाचा आवाज तुला अजून ऐकू येतो म्हणालास.

मग तू म्हणालास, "ते जंतू दे मला. थोडेसे. कुणाला कळणार नाही."

मी हसले, कारण मला वाटलं थट्टा करतोयस. तुझा चेहरा बघितला आणि हसू गेलं.

"उंदरालाही दिलेले नाहीत अजून. तुला कसे देऊ?"

"उंदीर माझ्याइतका वैतागला नसेल. ताई, मी सही करून देतो. पाण्यात घालून पितो."

"नाही."

"मग कुणासाठी करतेस हे सगळं?"

जंतू देता येत नव्हते. म्हणून जे देता येत होतं ते दिलं. खरं सांगितलं, जे तोवर मॅडम सोडून कुणालाच सांगितलं नव्हतं. की कात्री चालली ती थोडेच दिवस. आता चालत नाही. दर थोड्या दिवसांनी जंतूंना ताजं सूप द्यावं लागतं, आणि दर वेळी काम कमी होत गेलं, शेवटी बंदच पडलं. कारण कात्री बाळगायला मेहनत पडते. ती बनवण्यात जो जंतू गुंततो तो हळू वाढतो. एखाद्याच्या हातून ती मोडते किंवा गळून पडते, तो हलका होतो, भराभर वाढतो, आणि बघता बघता सगळी बाटली त्याच्याच पोरांनी भरते. मी पुन्हा कात्री देते, ते पुन्हा टाकतात. माझ्या नाकी नऊ आलेत.

तू इतका वेळ ऐकत राहिलास, आणि मग हसलास. बऱ्याच दिवसांनी तुझं ते खरं हसू पाहिलं, नाकातून सुरू होणारं. "म्हणजे तेही वैतागलेत," म्हणालास.

मला राग आला होता तेव्हा. आता नाही.

मी तुझ्या पिशवीत इथल्या दवाखान्याचा पत्ता घातला होता. तू गेल्यावर तो मला बाकावर सापडला, कपाखाली घडी करून ठेवलेला, वाऱ्याने उडू नये म्हणून. टाकून दिला असतास तर मी समजले असते. असा नीट ठेवून गेलास त्याचा अर्थ काय लावू?

जंतू नाही दिले म्हणून माझ्याशी बोलणं बंद केलंस तरी चालेल. परत मागितलेस तरी नाहीच देणार. तू माझा एकच भाऊ आहेस, आणि जंतूंना मी चांगली ओळखते.

एक ओळ तरी लिही.

ताई


२० जानेवारी

प्रिय लंबूस,

काल तुझा आवाज ऐकला आणि मी आधी विचारलं, कोण बोलतंय? त्याबद्दल माफ कर. इतके महिने न वाजलेला माणूस वाजला की असंच होतं.

फोनवर मी फार बोलले नाही कारण इमारत समोर बसून कान देत होती. पण तू सांगितलंस ते मी पुन्हा पुन्हा आठवतेय. या दवाखान्याचा पत्ता मी दिलेला नाही, आईने दिलेला नाही, तू स्वतः शोधलास, मुक्कामाच्या गावात, आणि एकटा गेलास. रक्तातला आकडा ऐकून तू घाबरलास, पण त्या डॉक्टर घाबरल्या नाहीत. त्यांनी विचारलं, तुला काय करता यायला हवंय? आणि तू म्हणालास, दिवे.

आम्ही कुणीच तुला हे विचारलं नव्हतं. आम्ही तुला काय खाता येणार नाही एवढंच पाठ केलं होतं.

पावडर पुन्हा सुरू केलीस, हात आता थरथरत नाहीत, आणि मॅनेजरांनी तालमीपुरता बोर्ड परत दिलाय. आईला मी सांगायचं नाही, तू सांगशील. कबूल.

तू विचारलंस, जंतूंचं काय? मी म्हटलं, ठीक. ते ठीक नव्हतं, नीट ऐक.

प्रबंध लिहायला बसले तेव्हा मोह झाला. सुरुवातीच्या दिवसांचा आलेख इतका देखणा आहे की तो एकटाच लावला असता तर कुणी काही विचारलं नसतं. मॅडमकडे घेऊन गेले. त्यांनी चष्मा काढला. "हा सुंदर आहे. पुढचे खरे आहेत. काय लावायचं ते तुम्ही ठरवा." सगळे लावले. कामाचा, आणि काम बंद पडल्याचाही. आणि लावताना माझ्या लक्षात आलं की मला तो दुसराच जास्त आवडतो. जंतू नेमकी कुठे मोडतात कात्री, कोण आधी मोडतं, का, हे बघायला मी रविवारीसुद्धा जाते, कुणी सांगितलेलं नसताना.

पीएच.डी.साठी दोन जागा समोर आहेत. एका ठिकाणी तुझ्या आजारावरच्या जंतूंचं काम पुढे नेतात, मोठी टीम आहे, माझ्याशिवायही ते चालेल. दुसरीकडे एक लहानशी लॅब आहे, तिथे फक्त हाच प्रश्न आहे की जंतू आपण दिलेलं का टाकतात. तिथून औषध निघणार नाही. निघालंच तर कुणा दुसऱ्याच्या हातून, फार पुढे.

मला दुसरी हवी आहे.

तू अकरा वर्षांचा होतास तेव्हा, तुझं औषध मीच काढीन असा मी तुला शब्द दिला होता, असं आई सांगते. मला तो शब्द आठवत नाही, पण सगळ्यांना आठवतो म्हणजे दिला असेन. तू रागावशील का? खरं सांग. माझं मन राखायला काही बोलू नकोस.

तुझी ताई


२ एप्रिल

प्रिय लंबूस,

तू पाठवलेला तो निरोप मी जपून ठेवलाय. "दुसरी घे. विचारतेस काय? माझ्या मानेवरून उतर आता, जड झालीस." इतका प्रेमळ अपमान माझा आजवर कुणी केला नव्हता.

परीक्षेच्या दिवशी तू मागच्या रांगेत बसला होतास म्हणून मी सुरुवातीलाच अडखळले. तोंडी परीक्षा खरं तर बरी गेली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, हे अपयश आहे असं तुम्हाला वाटतं का, असं विचारलं तेव्हा मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. मॅडम म्हणतात, बरं दिलंत.

तू आईला घेऊन येशील हे मला ठाऊक नव्हतं. तू घरी जाऊन तिला सगळं सांगितलंस, चीज सँडविचसकट, आणि तिने ऐकून घेतलं, हेही तिच्याकडूनच कळलं. नंतर कँटीनमध्ये तू पाणी आणायला गेलास, तेवढ्यात तिने मला विचारलं, "मग औषध कधीपर्यंत?"

मी म्हटलं, "आई, कुणीतरी काढेल. काम चालू आहे बऱ्याच ठिकाणी. पण मी नाही काढणार."

ती कागदी रुमालाची घडी घालत राहिली. मग तू आलास, बाटलीत पावडर घातलीस, हलवलीस, आणि तिचा हात आपोआप पुढे आला, किती घेतली ते बघायला. तू म्हणालास, "आई, मोजलंय मी." आणि वर तोंड करून पिऊन टाकलंस. तू वर बघत होतास म्हणून तिचा चेहरा तुला दिसला नाही. मला दिसला. तिने हात मागे घेतला आणि तो कुठे ठेवावा हे तिला कळेना. शेवटी मांडीवर ठेवला.

तुझी बस गेल्यावर ती माझ्या खोलीवर आली. बाबांना फोन करून सांगितलं की मी काही दिवस इथेच राहते. इमारत सुट्टीला गेली होती, तिच्या पलंगावर आई झोपली ती ऊन तोंडावर येईपर्यंत. आपण तिला कधी असं झोपलेलं पाहिलंय? मी पाय न वाजवता फिरत होते.

उठल्यावर चहा घेता घेता म्हणाली, "त्याचं तो बघतो. तुझं तू बघतेस. मग मी काय करू?" तक्रार नव्हती त्यात. खरंच विचारत होती. कामावरून घरी पाठवलेला माणूस विचारतो तसं. मी तिच्या शेजारी जाऊन बसले, एवढंच. ती खिडकीतून बाहेर बघत होती. आमच्या खोलीतून विद्यापीठाचा तरणतलाव दिसतो, तुला दाखवायचा राहिला. बराच वेळ बघून म्हणाली, "इथे मोठ्या माणसांना शिकवतात का गं पोहायला?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ती म्हणाली, शाळेत असल्यापासून मनात होतं, मग राहूनच गेलं.

शिकवतात. रोज सकाळी. आम्ही तिला पोहण्याचा पोशाख घेतला, दुकानात तिने मला तीनदा बाहेर उभं केलं. डोक्याला पिवळी टोपी. पहिले काही दिवस ती उथळ पाण्यात काठाची दांडी धरून उभी राहायची आणि शिक्षकाला त्याच्या नोकरीबद्दल, आईवडिलांबद्दल प्रश्न विचारायची, म्हणजे तो तिला हात सोडा म्हणणार नाही. तो पोरगा बिचारा उत्तरं देत राहायचा.

आज सकाळी तिने दांडी सोडली. मी वर पायऱ्यांवर बसले होते, तिला माहीत नव्हतं. चार-पाच हात गेली असेल, मान ताठ, डोळे घट्ट मिटलेले, सगळीकडे पाणी उडवत. मग बुडाली. शिक्षकाने धरून वर काढलं. ती खोकली, ठसकली, टोपी सारखी केली आणि त्याला म्हणाली, "हात कशाला लावलास? जात होते ना मी."

तुझी ताई